भरमूची पाणंद

आंबगाळीत एखाद्याला देवाधर्माचा नियम आठवेनासा झाला, तर तो पुजाऱ्याकडे जात नसे, सरळ भरमूच्या दारात येऊन उभा राही. नवं भात आधी कुठल्या देवाला दाखवायचं, सुतकात बैल जुंपायचे की नाही, लक्ष्मीच्या वाराला चुलीवर तवा ठेवला तर चालतो का, हे सगळं भरमूला तोंडपाठ. शिक्षण चौथीपर्यंत, पण गावाच्या रीतभातीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पोरं त्याची टिंगल करायची. ती भरमूच्या कानापर्यंत पोचायची आणि तिथंच थांबायची, कारण नियम पाळण्यात कमीपणा वाटावा असं त्याला आयुष्यात कधी काही दिसलं नव्हतं. अशा माणसाला फसवायला फार अक्कल लागत नाही. त्याचा नियम तेवढा ठाऊक असावा लागतो.

जांबोटीच्या रस्त्यानं बेळगावहून निघालं की डोंगर जवळ यायला लागतात आणि मग एक फाटा आत वळतो, तिथं आंबगाळी. गावाच्या मागं ओढा, ओढ्याच्या पलीकडे चढावर भरमूचं रान. रान कसलं, दोन पट्ट्या. खालच्या पट्टीत भात, वरच्या तांबड्या मातीत रताळी. गावातून तिथं जायला पाणंद होती, म्हणजे दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मधून एक बैलगाडी जाईल एवढी वाट. ओढ्यावर ती जिथं चढते तिथं जुन्या माणसांनी दगडी फरशीचा ठेंगणा पूल घातलेला. भरमूचा आजा त्याच वाटेनं गेला, बाप गेला, भरमूची लग्नातली गाडीसुद्धा देवाला नारळ फोडून त्याच वाटेनं रानाला पाय लावायला गेली होती.

मग पाणंदीच्या दोन्ही अंगांची जमीन मारुतीरावांनी घेतली. मारुतीराव गावचेच. खडीचा क्रशर होता, टिपर होते, बेळगावात बंगला होता. इकडं गोव्याची, हुबळीची माणसं सुट्टीला यायला लागली तसं त्यांनी तिथं रिसॉर्ट काढलं. कौलारू खोल्या, पोहायचा तलाव, झाडांना टांगलेले दिवे. जमीन दोन्हीकडची आपली, मग मधली वाट तेवढी परक्याची कशी, असा विचार श्रीमंत माणसाच्या मनात आपोआप येतो. त्यांनी भोवतीनं भिंत घातली आणि पाणंदीच्या तोंडाला लोखंडी गेट बसवलं. आधी गेट उघडं असायचं. मग वॉचमन आला. मग पाहुण्यांच्या चपला बैलांच्या शेणात पडायला लागल्या आणि गेटला कुलूप लागलं.

भरमू त्यांच्याकडं गेला तेव्हा मारुतीरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला.

"तू काय मला परका हाईस व्हय रं, भरमू? खालनं वड्यातनं वाट हाय की. न्हायतर असं कर, त्या दोन पट्ट्या मलाच देऊन टाक. ह्या वयात कशाला रानात मरतोस?"

"मला रान इकायचं न्हाय, मारुतीराव. माझी वाट तेवढी मोकळी करा."

"बगू," असं म्हणून मारुतीराव फोनवर बोलायला लागले, आणि चहा संपला तरी बोलतच राहिले.

ओढ्यातली वाट उन्हाळ्यात माणसाची होती. पावसाळ्यात ती कुणाचीच नव्हती. त्या वर्षी पाऊस नवरात्र उलटून गेलं तरी हटला नाही, ओढा उतरला नाही, आणि रताळी जमिनीतच राहिली. पाणी ओसरल्यावर भरमू आणि त्याची बायको नागुबाई पलीकडे गेली. नागुबाईनं खुरप्यानं एक वेल उकरला, रताळं हातात घेतलं, तर बोटांत नुसता लगदा आला. दुसरं उकरलं, तेही तसंच. ती तशीच भरल्या हातांनी बांधावर बसली. भरमूला त्या दिवशी जे वाटलं तो राग नव्हता, ती लाज होती. पिकवलेलं घरी आणता येत नाही असा आपल्या घराण्यातला पहिला माणूस आपण, असं त्याला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं धुवट सदरा घातला आणि बेळगावची बस धरली.

टिळकवाडीत वासंतीबाई वकील राहायच्या. वडीलही वकील, आजोबाही वकील, घरात कायद्याची पुस्तकं आणि दारात तुळस. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि तालुका कचेरीत अर्ज केला. कचेरीचा सगळा कारभार कानडीत. पाणंदीला तिथं बंडीदारी म्हणतात, हे भरमूला बाजारामुळं माहीत होतं. त्याला बरं वाटलं. आपल्या वाटेला सरकारदरबारी नाव आहे म्हणजे ती आहे, असं त्याचं साधं गणित.

आणि काम खरंच पुढं सरकलं. सर्वेवाला येऊन गेला, गावच्या नकाशात पाणंद दाखवलेली आहे असं त्यानं सांगितलं. मारुतीरावांच्या वकिलांनी दोनदा मुदत मागितली, एकदा भरमू तापानं पडला म्हणून बाईंनी मागितली. शेवटी तहसीलदार साहेब वैतागून म्हणाले की आता पुढच्या मंगळवारी भरमूची जबानी होईल आणि विषय संपेल. भरमू आणि मारुतीराव दोघेही समोर उभे होते. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "भरमाण्णा, जिंकल्यातच जमा आहे हे. फक्त त्या दिवशी वेळेवर या."

तो हसला. भरमू वेळेवर येणार नाही, ही कल्पनाच त्याला गमतीची वाटली.

त्याच आठवड्यात गावात बैठक बसली. कित्येक वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरणार होती. यात्रा कमिटीचे अध्यक्ष अर्थातच मारुतीराव, कारण मंडपापासून रथाच्या नव्या चाकांपर्यंत सगळीकडे त्यांचाच हात. यात्रेआधी काही मंगळवार गाव वार पाळतो. त्या दिवशी नांगर चालत नाही, चाक फिरत नाही, चुलीवर तवा चढत नाही, आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कुणी गावची शिव ओलांडत नाही. नोकरीवाले रजा काढतात. एकानं वार मोडला तरी सगळ्या गावाचा मोडतो, मग यात्रा पुढं ढकलून पुन्हा पहिल्यापासून वार धरावे लागतात. हरिभाऊ मास्तर पंचांत होते, ते म्हणाले पौर्णिमा झाल्यावर सुरू करू. मारुतीराव म्हणाले, "चांगल्या कामाला उशीर कशाला मास्तर? ह्याच मंगळवारपास्नं धरू." सगळ्यांनी भंडारा उधळला. सगळ्यांत पुढं होता भरमू.

घरी आल्यावर नागुबाईनं विचारलं, "अवो, मंगळवारी तुमची तारीख न्हवं?"

"हाय की. पर वार हाय. मारुतीरावांनी सोता सांगितलाय, म्हंजे त्येंनी बी जायचं न्हाय. दोगं बी न्हाय म्हटल्यावर साहेब फुडली तारीख देतील."

"वकीलबाईस्नी फोन तरी करा."

"बाईस्नी काय ठावं नसंल व्हय? सगळ्या बेळगावात लक्ष्मीचा वार लोकास्नी म्हाईत असतोय."

इथं भरमू चुकला. टिळकवाडीतल्या बाईंना आंबगाळीचा वार कुठून माहीत असणार? पण ज्या गोष्टीवर आपलं सगळं जगणं उभं आहे ती जगाला ठाऊकच नसेल, हे माणसाच्या डोक्यात येत नाही. मंगळवारी त्यानं देवीला निवद दाखवला, फोनही यंत्रच म्हणून बंद करून फळीवर ठेवला, आणि दिवसभर घराच्या पुढच्या सोप्यात बसून राहिला. बाईंनी कचेरीच्या व्हरांड्यातून त्याला किती फोन केले ते बाईंनाच माहीत.

बुधवारी तो बेळगावला गेला. बाई त्याला पाहून उठल्याच.

"कुठं होता तुम्ही? अर्ज काढून टाकला साहेबांनी. अर्जदाराला गरज दिसत नाही म्हणून. मी एकटी काय करणार? तुमची जबानी व्हायची होती."

"वार व्हता, बाई. लक्ष्मीचा. शिव वलांडायची नसती."

बाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मारुतीरावांना नव्हता का वार? ते स्वतः आले होते. पांढरे कपडे, कपाळाला भंडारा. साहेबांना म्हणाले, बघा, ज्याची वाट आहे तोच येत नाही."

भरमूनं बाईंना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. ते स्वतःच होते ना? तुम्ही ओळखून पाहिलं ना? बाई म्हणाल्या, माझ्यासमोर उभे होते. अपील करू, त्या म्हणाल्या, प्रांतांकडं करू, पण आता वेळ लागेल. अपिलाचं त्याच्या कानावरच पडलं नाही, बाईंनी पुढं केलेल्या कागदावर त्यानं सही तेवढी केली. परतीच्या बसमध्ये त्याच्या डोळ्यांसमोर भिंत नव्हती, गेट नव्हतं. कपाळाला भंडारा लावून माणूस वार मोडतो, एवढंच होतं.

संध्याकाळी तो हरिभाऊ मास्तरांकडं गेला. मास्तरांनी ऐकलं, दार लोटून घेतलं.

"भरमू, हे पोटात ठेव. आता हे बाहेर आलं तर वार मोडला असं ठरेल. सगळं पुन्हा पहिल्यापासून. घरोघरी माहेरवाशिणींना निरोप गेलेत. लोक त्याला बोलणार नाहीत बघ, तुलाच बोलतील."

"आन् देवी?"

मास्तर दिवा लावायला उठले. ते वाईट माणूस नव्हते, पण आयुष्यभर गाव सांभाळता सांभाळता खरं काय ते बाजूला ठेवायची सवय त्यांना लागली होती.

नागुबाईचं म्हणणं सरळ होतं. चावडीवर जा आणि सांग. भरमू गेला नाही. तो रोज ओढ्यातून रानात जायचा, येताना भिंतीकडं बघायचा. जेवणाचं ताट तसंच राहायचं. आपल्या एका वाटेपायी सगळ्या गावाची यात्रा अडवायची का? आणि नाही अडवली, तर मोडलेल्या वारावर देवी कशी उठेल? ज्या नियमांच्या आधारानं तो सगळ्यांना उत्तरं द्यायचा त्यांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. शेवटी त्यानं ठरवलं, गप्प राहायचं. उरलेले मंगळवारही त्यानं तसेच निष्ठेनं पाळले, फक्त आता पाळताना सुख नव्हतं.

यात्रेचा दिवस आला. देवी उचलून रथात बसवायच्या आधी आंबगाळीत एक रीत आहे. देवळात मानकरी भंडाऱ्याचं ताट घेऊन देवीच्या उजव्या अंगाला उभा राहतो. प्रत्येक घरातलं एक माणूस पुढं येतं आणि मोठ्यानं म्हणतं, माझ्या घरानं वार पाळला, गावानं वार पाळला. मग मानकरी त्याच्या कपाळाला भंडारा लावतो. शेवटी खुद्द मानकऱ्याच्या घरचं माणूस भंडारा घेतं, आणि त्यानंतरच देवीला हात लावायचा. बाहेर ढोल तयार होते, रथाला दोर बांधले होते, माणूस मुंगीसारखं जमलं होतं.

मान अध्यक्षांचा, म्हणून ताट मारुतीरावांच्या हातात होतं. रांगेत भरमूची पाळी आली. त्याचं खरंच काही बोलायचं मनात नव्हतं. तो पुढं झाला आणि म्हणाला, "माझ्या घरानं वार पाळला."

आणि पुढचे शब्द येईनात. गावानं वार पाळला, एवढंच म्हणायचं होतं. समोर देवी बसली होती, आणि तिच्यासमोर भरमू कधी खोटं बोलला नव्हता.

"फुडचं म्हण रं," मारुतीराव म्हणाले.

"म्हणतो. पर आदी एक इचारतो. पैल्या वाराला तुमी बेळगावात कचेरीत व्हता का न्हाय?"

मागची रांग पुढं सरकली. हरिभाऊ मास्तर घाईनं म्हणाले, "भरमू, आता नको."

मारुतीराव मात्र गडबडले नाहीत. त्यांनी अंगठा भंडाऱ्यात बुडवलेला तसाच ठेवला आणि हसून म्हणाले, "व्हतो की. पर वार मोडला न्हाय म्या. सोमवारी सांच्यालाच बंगल्यावर गेलतो, बुधवारी आलो. मंगळवारी शिव वलांडली असंल तर सांग. गाडी बी काढली न्हाय, कचेरीपतूर चालत गेलतो."

लोकांच्या तोंडून सुस्कारा निघाला. कुणी हसलंसुद्धा. वार शाबूत होता, यात्रा शाबूत होती. मास्तरांनी घाम पुसला. भरमू मात्र तिथंच उभा राहिला. खरं होतं ते. नियमात कुठंच बोट ठेवायला जागा नव्हती. आपणही सोमवारी जाऊ शकलो असतो, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बोलली ती मागं बायकांत उभी असलेली नागुबाई. तिचा आवाज मोठा नव्हता.

"म्हंजे सोमवारीच ठरवून गेला. ह्ये घरात बसणार, ह्ये ठावं व्हतं तुमास्नी. म्हणून तर मास्तर पुनव म्हणत व्हते, आन् तुमी ह्योच मंगळवार धरला."

आता मात्र कुणी हसलं नाही. बैठकीत काय झालं होतं ते सगळ्यांना आठवलं. आपण कशावर भंडारा उधळला ते प्रत्येकाला आपापल्या जागी समजलं. वार मोडण्यापेक्षाही हे वाईट होतं. देवीच्या नियमाचा या माणसानं एका गरिबाला बांधून घालायला दोर केला होता, आणि तो दोर सगळ्या गावानं मिळून वळला होता.

भरमूनं पुढचे शब्द म्हटले. "गावानं वार पाळला." पण मारुतीरावांचा अंगठा कपाळाकडं आला तसा तो बाजूला सरला, देवीच्या पायाशी वाकला, तिथला भंडारा चिमटीनं उचलून स्वतःच लावून घेतला आणि बाहेरच्या खांबाला टेकून उभा राहिला. त्याच्या मागच्यानं जरा विचार केला आणि तसंच केलं. सगळ्यांनी केलं असं नाही. क्रशरवर कामाला जाणाऱ्यांनी मान खाली घालून मारुतीरावांच्या हातूनच लावून घेतला, त्यांची अडचण सगळ्यांना ठाऊक होती. हरिभाऊ मास्तर ताटापर्यंत आले, थबकले, आणि देवीच्या पायाशी वाकले.

शेवटी मारुतीरावांच्या घरची पाळी आली. त्यांची आई अंबुबाई, नव्वदीला टेकलेली, काठी टेकत पुढं आली. तिनं लेकाच्या ताटाकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"त्येची वाट देतोस का?" तिनं विचारलं.

"आई, ह्ये हितं बोलायचं न्हवं."

"मग कुटं बोलायचं? कचेरीत? तुझा बा त्याच पानंदीनं रताळी आणायचा, भरमूच्या बाच्या गाडीत घालून. आपल्याला गाडी न्हवती तवा. देतोस का न्हाय, तेवढं सांग. न्हायतर मी भंडारा लावून घेणार न्हाय."

तिनं नाही लावला, तर देवीला हात लावता येणार नव्हता. बाहेर ढोलवाले डोकावून बघायला लागले. मारुतीरावांनी एकदा लोकांकडं पाहिलं. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी तोंड उघडत नव्हतं, क्रशरवालेही नाहीत.

"देतो," ते म्हणाले.

म्हातारीनं कपाळ पुढं केलं, तेवढ्यात खांबापासून भरमूचा आवाज आला. "अंबुआक्का, जरा थांब." तो आत आला आणि त्यानं मारुतीरावांपुढं हात पसरला. "गेटाची किल्ली द्या. आदी उघडून येतो, मग देवी उठंल."

काही क्षण असं वाटलं की मारुतीराव ताट खाली ठेवून निघून जातील. मग त्यांनी पिवळ्या झालेल्या बोटांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक सोडवली आणि भरमूच्या हातावर ठेवली. भरमू चालत गेला. त्याला पळता येत नव्हतं, आणि त्या दिवशी त्याला पळायचंही नव्हतं. ढोल थांबून राहिले, दोर धरलेली माणसं उभी राहिली, लांबून आलेल्या माहेरवाशिणी विचारायला लागल्या की काय झालं, कुणाची वाट बघताय. भरमू येतोय, असं त्यांना सांगण्यात आलं. तो आला तेव्हा कुलूप त्याच्या हातात होतं. ते त्यानं नागुबाईच्या ओच्यात टाकलं. अंबुबाईनं भंडारा लावून घेतला, आणि आंबगाळीची लक्ष्मी उठली.

यात्रा झाल्यावर वासंतीबाईंचा निरोप आला, म्हणून भरमू बेळगावला गेला. गेट उघडं आहे, गाडी जाते, यंदा वरच्या पट्टीत रताळ्याचे वेल लावले आहेत, असं सगळं त्यानं सांगितलं. बाईंना मनापासून आनंद झाला. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "मग अपील काढून घ्यायचं का, भरमाण्णा? वाट तर मिळाली."

भरमूनं कप खाली ठेवला. पूर्वीचा भरमू असता तर म्हणाला असता, देवीसमोर दिलेला शब्द आहे, आता कागद कशाला. त्याच्या मनात ते आलंही. त्याला वाईट वाटलं ते याचंच, की आता तेवढ्यावर त्याचं भागत नव्हतं.

"न्हाय बाई, असू द्या चालू," तो म्हणाला. "फकस्त तारीख कळली की मला सांगा. मी आदल्या दिशीच येऊन तुमच्या सोप्यात पडतो."